एका महिन्याचे दोन सेकंद

कुंडीत वाटाणा पेरायचा, समोर कॅमेरा ठाण मांडून बसवायचा आणि रोज एक चित्र घ्यायचं. महिनाभराने ती चित्रं ओळीने पडद्यावर सोडली, की अंकुर मातीतून डोकं वर काढताना, वळसे घेत आधार शोधताना, पानं उलगडताना दिसतो. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही छोटीशी फिल्म दादासाहेब फाळके यांनी १९१२च्या सुमारास, ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी केली. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे, की तिचा हिशेब कोणी मांडत नाही.

मांडून पाहावा. मूकपटाच्या काळात पडद्यावरून सेकंदाला साधारण १६ चित्रं सरकत. रोज एक या दराने महिन्याची ३० चित्रं होतात. पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. प्रेक्षकाने खाकरून घसा साफ करेपर्यंत वेल वाढून मोकळा! एवढ्यावर कोणी पैसे सोडत नसतं, आणि फाळक्यांना तर ही फिल्म दाखवून भांडवल मिळालं. म्हणजे ‘रोज एक’ हा कथेने पाडलेला पैलू असणार. मिनिटभर चालेल अशी फिल्म करायची तर हजाराच्या घरात चित्रं लागतात, दिवसाला तीसेक. ऊन सरकतं, ढग येतो, घरातलं कोणी कुंडीला अडखळतं, आणि कॅमेरा हाताने फिरवायचा असल्यामुळे दर वेळी नेमकं एकच चित्र घेऊन थांबायचं. महिनाभर माणसाला त्या कुंडीशी बांधून घ्यावं लागलं असेल.

लंडनमध्ये पर्सी स्मिथ या गृहस्थांनी १९१० साली ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ ही फुलं उमलतानाची फिल्म अशाच पद्धतीने केली होती. तेव्हा फाळक्यांची युक्ती जगात पहिली नव्हती. पण आपल्या सिनेमाचा इतिहास लिहिताना एक क्रम नेहमी उलटा होतो. पुराणकथा आधी आणि प्रयोग नंतर, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात इथे प्रयोग आधी झाला. जिच्यात ना राजा, ना राणी, ना संवाद, ना गोष्ट, अशी वाटाण्याच्या वेलाची फिल्म आधी आली. तिच्या जोरावर ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७०चा, त्र्यंबकेश्वरचा. आजच्या नकाशात त्र्यंबकेश्वर आणि पेठ हे लागून असलेले तालुके. पेठ म्हणजे नाशिक जिल्ह्याचं गुजरातकडचं टोक. पावसाळ्यात धो धो पाणी, उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा. कोकणा, महादेव कोळी, वारली यांची वस्ती. शेतात भात, नागली, वरई. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर बी टाकायचं, रोप वीतभर झालं की आवणी करायची. रोपाकडे रोज बघणारी माणसं या मुलखात घरोघर आहेत. फाळक्यांच्या हाती ते बघणं साठवून इतरांना दाखवणारं यंत्र लागलं. त्या यंत्रापर्यंत ते आले तेही वाकड्या वाटेने: जे. जे. कलाशाळा, बडोद्याचं कलाभवन, गोध्ऱ्याचा फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्याची नोकरी, छापखाना आणि मधेच जादूचे प्रयोग. जादूगार म्हणून घेतलेलं त्यांचं नाव होतं प्रोफेसर केळफा. ‘फाळके’ उलटं वाचा.

याच केळफांनी पुढे ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडेपेटीतल्या काड्या एकेक चित्रासाठी किंचित हलवायच्या, की पडद्यावर त्या आपल्या आपण चालू लागतात. वाटाणा स्वतः वाढतो आणि कॅमेरा त्याची वाट पाहतो. काड्या ढिम्म असतात, त्यांना माणसाच्या बोटांनी वाढवावं लागतं. वेळ आवळायचा किंवा वेळ नव्याने बनवायचा, या दोन युक्त्या. या लेखात पुढे येणारी बहुतेक माणसं या दोहोंतलीच एखादी वापरताना दिसतील.

अशा फिल्मना चिकटवला जाणारा ‘काव्यमय सिनेमा’ हा शब्द मराठीत बराच सैल वापरला जातो. धुकं, बासरी आणि हळू धावणारी मुलगी एवढं दिसलं, की समीक्षक तो काढतात. त्याचा नेमका अर्थ लावण्याचा एक चांगला प्रयत्न न्यूयॉर्कमध्ये १९५३च्या ऑक्टोबरात झाला. कविता आणि चित्रपट या विषयावरच्या परिसंवादात डिलन टॉमस हा कवी होता, आर्थर मिलर हा नाटककार होता आणि माया डेरेन ही स्वतः छोट्या, विलक्षण फिल्म करणारी बाई होती. डेरेनचं म्हणणं असं, की नाटक आडवं चालतं, एका घटनेतून दुसरीत जातं. कविता उभी उतरते, एकाच क्षणाच्या तळाशी काय आहे ते शोधते. मिलर आणि टॉमस यांनी तिची बरीच टिंगल केली, असं त्या सभेचा वृत्तान्त वाचताना दिसतं.

मराठी श्रोत्यांपुढे बोलल्या असत्या, तर डेरेनबाईंना एवढे कष्ट पडले नसते. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एक अभंग घेतात आणि त्याच्या एकेका शब्दाभोवती फिरत राहतात. दाखले देतात, परत मूळ चरणावर येतात, पुढे कुठेच जात नाहीत. उत्तररंगात आख्यान लागतं, मग मात्र पुढे काय झालं ते ऐकायला मुलंसुद्धा जागी होतात. डेरेनची उभी रेघ म्हणजे पूर्वरंग, आडवी रेघ म्हणजे उत्तररंग. बाजारू सिनेमाने पूर्वरंग कापून टाकला आणि थेट आख्यानाला हात घातला. वेगळ्या वाटेचे फिल्मवाले तो कापलेला भाग परत आणू पाहतात. काहींना तो साधतो. काहींच्या पूर्वरंगात श्रोते घोरतात, हेही मान्य करायला हवं. न कळणं हा काही कवितेचा पुरावा नव्हे.

फाळके या दोन्ही रेघांवर एकाच फिल्ममध्ये चालले, ती फिल्म म्हणजे १९१९चा ‘कालिया मर्दन’. त्यांची सातेक वर्षांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. पण सुरुवातीला कृष्ण नाहीच. आधी पडद्यावर साधी मुलगी येते आणि कॅमेऱ्याकडे बघून चेहऱ्यावरचे भाव बदलत राहते. मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू दुसरं चित्र विरघळत येतं आणि ती कृष्णाच्या वेशात दिसू लागते. ही देवकथा आहे आणि देव झालेली ही माझी पोर आहे, दोन्ही बघून घ्या, असं फाळके आधीच सांगून टाकतात. युरोपातल्या प्रयोगशील दिग्दर्शकांनी नाटकाचा पडदा मागून दाखवण्याचं जे कौतुक पुढे करून घेतलं, ते नाशिकमध्ये तेव्हा होऊन गेलं होतं. त्याआधी, १९१७च्या सुमारास, चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी एक छोटी फिल्मही त्यांनी केली. तिच्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात.

पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या पट्ट्यातल्या माणसाला मात्र ओळखीच्या चेहऱ्याचा देव करण्याची ही युक्ती नवी वाटू नये. इथे बोहाडा होतो. कुणी भोवाडा म्हणतं. होळीनंतरच्या महिन्यांत गावोगाव रात्री मुखवट्यांची सोंगं निघतात. संबळ वाजतो, टेंभ्यांचा उजेड पडतो आणि गणपती, शारदा, राम, रावण, नरसिंह एकामागून एक नाचत येतात. शेवटी जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध. सोंग ठरावीक घराण्याकडे असतं, काही ठिकाणी बोली लागते. मुखवटा जड असतो, लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा. जव्हारजवळचं रामखिंड त्यासाठी नावाजलेलं. मुखवटा बांधताना माणूस अमक्याचा मुलगा असतो, हे समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. बांधून झाल्यावर त्याच्याच पाया पडतात. मंदाकिनीच्या चेहऱ्यावर विरघळत येणारा कृष्ण हीच गोष्ट करतो. टेंभ्याचा हलता उजेडही विसरू नये. स्थिर लाकडी चेहऱ्यावर ज्वाळ हलली, की डोळे फिरल्यासारखे वाटतात, ओठ मुडपल्यासारखे दिसतात. स्थिर चित्राला उजेडाने हलवायचं, हे सिनेमाचंच काम.

उजेडाचा हाच खेळ पुस्तकी शहाणपण बाळगणाऱ्यांनीही केला होता. कल्याणच्या पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ सिनेमा इथे येण्याआधीची. काचेवर रंगवलेली चित्रं, एकाहून अधिक कंदील, एकातून दुसऱ्यात मिसळणारी दृश्यं. नावच असं, की तिकीट काढण्याआधी धडा घ्यावा लागावा. तिकडे सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर कलावंत एकेक चित्र हाती धरून त्याच्यावर गात कथा सांगत आले. मणि कौल यांनी १९७७ साली ‘चित्रकथी’ ही फिल्म त्यांच्यावर केली. कौल म्हणजे ज्यांच्या चित्रपटांत माणसं इतकी संथ बोलतात, की प्रेक्षक घड्याळ पाहतात. पिंगुळीच्या चित्रांपुढे मात्र त्यांचा तो संथपणा बरोबर बसतो, कारण तिथे चित्र बदलण्याची घाई मुळातच कोणाला नसते.

स्वातंत्र्यानंतर प्रयोगाला सर्वात मोठा प्रेक्षक मिळवून दिला तो सरकारने, आणि तोही सक्तीने. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली मुंबईत सुरू झाली. तिच्या छोट्या फिल्म प्रत्येक चित्रपटगृहाने मुख्य चित्रपटाआधी दाखवायच्या, असा नियमच होता. लोक त्या वेळात शेंगदाणे आणत, सायकल लावून येत. सिंचन, कुटुंबनियोजन, धरणं यांच्या माहितीत अधूनमधून भलतंच काही पडद्यावर येई. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी १९६७ साली ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ केली: राजस्थान, छत्री, कंदील, जोडा, आणि एकही संवाद नाही. सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेल्या या चित्रकाराला बर्लिनच्या महोत्सवात लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. चेकोस्लोव्हाकियात बाहुल्यांचं ॲनिमेशन शिकून आलेल्या प्रमोद पतींनी १९६८ साली ‘एक्सप्लोरर’ केली. नाचणारी तरुण पोरं, यंत्रं, धर्मचिन्हं, सगळं इतक्या वेगाने कापलेलं आणि आवाज असे, की नायकाची वाट बघणारा प्रेक्षक चक्रावून जावा. १९७२ची त्यांची ‘आबिद’ अधिक मजेची. ‘ढब्बूजी’ या व्यंगचित्रमालेचे आबिद सुरती एका खोलीत भिंती रंगवत सुटतात, पण त्यांना चालताना चित्रित केलेलं नाही, एकेका चित्रासाठी उभं केलेलं आहे. माणूसच काडेपेटीतली काडी झाला आहे.

या सगळ्यात एक गोष्ट हातची गेली असं वाटतं. सक्तीमुळे का होईना, प्रयोग गावातल्या थिएटरपर्यंत जात होता. आज तो महोत्सवात आणि कलादालनात मिळतो. तिथवरचं तिकीट पेठच्या माणसाला महाग.

कलादालनाकडे जाणारी वाट पाडली चित्रकार अकबर पदमसी यांनी. १९६९ साली त्यांना जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्ती मिळाली. ते पैसे स्वतःच्या चित्रांवर खर्च न करता त्यांनी मुंबईत नेपियन सी रोडला ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ काढलं. चित्रकार, फिल्मवाले, छायाचित्रकार एका छपराखाली यावेत, एकमेकांची हत्यारं वापरून बघावीत, एवढाच नियम. पदमसींनी स्वतः ‘सिझिजी’ केली: सुमारे हजार रेखाटनं, काळ्यापांढऱ्या रेघा आणि ठिपके, आवाज नाही. अंकगणितातून निघालेल्या त्या रेघा पडद्यावर जुळतात आणि सुटतात. त्यात माणूस नाही, गोष्ट नाही. रांगोळी काढणाऱ्या बाईला ती कदाचित समीक्षकाआधी कळेल. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ ही त्यांची दुसरी फिल्म हरवली. एकच प्रत होती, ती प्रदर्शनाला पाठवली आणि परत आली नाही. अशिम अहलुवालिया यांनी २०१६ साली त्याच नावाची फिल्म केली, तीत म्हातारे पदमसी त्या हरवलेल्या फिल्मची आठवण काढतात.

त्या वर्कशॉपमध्ये जे. जे.मधून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी येऊन काम करू लागली. नलिनी मलानी. १९६९ची तिची ‘ड्रीम हाउसेस’ ही एका वास्तूच्या प्रतिकृतीवर रंगीत उजेड टाकत, चित्रामागून चित्र घेत केलेली फिल्म. स्वातंत्र्यानंतरच्या नव्या शहराचं स्वप्न तिच्यात आहे. १९७६ साली तिने त्याला दुसरी फिल्म जोडली, जीत एक बाई खिडकीतून प्रत्यक्षातलं शहर बघते. दोन्ही शेजारी शेजारी दाखवल्या, की झाली ‘युटोपिया’. स्वप्न आणि त्याचा पंचनामा. दोन पडदे शेजारी ठेवून न बोलता केलेलं इतकं धारदार राजकीय भाष्य मराठी मुलखात त्या काळी दुसरं क्वचितच सापडेल.

पुढे मलानींनी पारदर्शक नळकांड्यांच्या आतल्या बाजूने चित्रं रंगवली, ती फिरती ठेवली आणि त्यांच्यातून व्हिडिओचा उजेड सोडला; भिंतीवर सावल्यांची मिरवणूक सुरू होते. पटवर्धनांची काच आणि पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आठवाव्यात असा हा प्रकार. आणि मग, वयाच्या सत्तरीत, त्यांनी आयपॅड हाती घेतला. २०१८ ते २०२० या काळात बोटाने काढलेल्या ८८ छोट्या ॲनिमेशनमधून ‘कॅन यू हिअर मी?’ ही कलाकृती झाली. वाचलेलं वाक्य, बातमी, राग, बडबडगीतासारखी आकृती, सगळं त्या काचेवर खरडलेलं आणि पुसलेलं. डिजिटल कला म्हणजे गुळगुळीत, यंत्राने घासलेली, असा समज असणाऱ्यांनी ही ॲनिमेशनं बघावीत. रेघ पाटीवरच्या पेन्सिलीसारखी चरचरीत आहे.

मलानींची मुलगी पायल कपाडिया. २०२४ साली ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कान महोत्सवाचा ग्राँ प्री मिळाला तेव्हा तिचं नाव घरोघर पोचलं, छाया कदम यांची रत्नागिरीकडची पार्वती पुष्कळांच्या लक्षात राहिली. पण पेठच्या वाचकाने आधी शोधावी ती तिची २०१८ची तेवीस मिनिटांची ‘अँड व्हॉट इज द समर सेइंग’. भीमाशंकरच्या रानाकडेला असलेल्या कोंढवळ गावातली. एक माणूस झाडांच्या शेंड्यांकडे मध शोधत बघतो. दुपार उतरते, वारा येतो, जमिनीतून धूर निघतो. गावातल्या बायका आपल्या जुन्या, हरवलेल्या प्रेमांबद्दल कुजबुजतात. त्या दिसत मात्र नाहीत, फक्त ऐकू येतात. दुसऱ्या कोणी हेच केलं असतं तर बायकांना ओट्यावर बसवून समोर माइक धरला असता. इथे आवाज एकीकडे आणि चित्र दुसरीकडे ठेवल्यामुळे, ती गुपितं एका बाईची न राहता दुपारची होऊन जातात. सह्याद्रीची हीच रांग उत्तरेला पेठेत येते. ते रान, ती दुपार इथल्या माणसाला अनोळखी नाही.

मराठी कथापटांतही ही नस अधूनमधून लागते. उमेश कुलकर्णींच्या २००९च्या ‘विहीर’मध्ये मृत्यूविषयी कोणी भाषण देत नाही, लपाछपीच्या खेळात एक पोरगा सापडायचा राहून जातो. सोलापूरच्या अक्षय इंडीकरांचा ‘स्थलपुराण’ २०२०च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. पुण्याहून कोकणात आलेला दिघू नावाचा आठ वर्षांचा मुलगा, न परतणारा बाप, न हलणारा कॅमेरा आणि कानावर पडणारा पाऊस. गोष्ट दोन ओळींत संपते. पाऊस संपत नाही.

आता कॅमेरा पेठेतही प्रत्येकाच्या खिशात आहे. जुलै लागला की धबधब्यांच्या रिळांचा पूर येतो: ड्रोन वर जातो, गाणं वाजतं, पंधरा सेकंदांत घाट संपतो. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, पोरं हौसेने करतात. पण त्या रिळांतला पेठ हा बाहेरून आलेल्याने गाडीच्या काचेतून पाहावा तसा असतो. ज्याच्या दारात नागली आहे त्याला ड्रोनची गरजच नाही. फाळक्यांना महिनाभर जे हाताने करावं लागलं, ते साधा फोन करू शकतो.

हिशेब पुन्हा मांडू. नागलीचं पीक बियाण्यापासून कणसापर्यंत साधारण चार महिन्यांचं, १२० दिवस धरा. रोज एक फोटो घेतला आणि सेकंदाला २५ या वेगाने दाखवला, तर फिल्म पाच सेकंदांचीही होत नाही. दिवसाउजेडी दर तासाला एक, असे रोज १२ घेतले तर १,४४० फोटो होतात आणि ५७ सेकंद मिळतात. त्या ५७ सेकंदांत राबाची राख दिसेल, आवणीला वाकलेल्या पाठी क्षणभर चमकून जातील, आणि कॅमेरा पुढेही तसाच ठेवला, तर दिवाळीनंतर माणसं द्राक्षबागांच्या कामाला निघून गेल्यावर मोकळं पडलेलं शेतही दिसेल. कॅमेरा काही सांगणार नाही, तरी सगळं येईल. एकच रोप निवडायचं, तर आवणीच्या वेळी ते उपटून दुसरीकडे जाणार हे आधी ठरवावं लागेल. त्याच्यामागे कॅमेरा न्यायचा की रिकाम्या वाफ्याकडे बघत थांबायचं, हा निर्णय ज्याचा त्याचा. खरी फिल्म तिथेच ठरते.

बाकीचं किरकोळ. फोनमधला उजेड आणि फोकस एकदा पक्का करून कुलूपबंद करावा, नाहीतर ढगागणिक चित्र लुकलुकतं. फोन दिवसभर शेतात अडकवून ठेवणं कोणालाच परवडत नाही. म्हणून एक खांब रोवून त्यावर खाच करावी आणि दर वेळी फोन त्याच खाचेत बसवावा. खाचेची खूण खडूने करू नये, खिळ्याने करावी. पेठच्या पावसात खडू एक रात्रही टिकत नाही.